भूलगडावरची संगत

आम्ही मेलो की केतकी फोन ठेवायची. "चला बाबा, उद्या," म्हणायची, आणि माझ्या मिरजेच्या घरात पुन्हा नुसता पंख्याचा आवाज सुरू व्हायचा. म्हणून मी आम्हाला मरू द्यायचो नाही. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि तेसुद्धा काही फार भक्कम नाही हे मला कळतं.

मरायचो म्हणजे खेळात हो, घाबरू नका. भूलगड नावाचा खेळ आहे, हल्ली घरोघरी खेळतात. पण आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा कुठून उपटला. मी भालचंद्र गुरव, तबलजी. जन्मभर संगत केली. एकल वादनाच्या भानगडीत पडलो नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले की माझा हात आखडतो. गवयाच्या उजव्या अंगाला बसायचं, मान खाली घालायची आणि त्याला सुखरूप समेवर आणून सोडायचं, हे माझं काम.

केतकी माझी एकुलती एक. नाशिकला दातांची डॉक्टर आहे. तिची आई गेली, पाठोपाठ तिचं लग्नही मोडलं. राहिलो आम्ही दोघं, दोन गावांत, आणि दोघांनाही फोनवर बोलायचं म्हणजे संकट. "जेवलात?" "जेवलो. तू?" "हो." झालं, विषय संपला. त्यापुढं दोन्हीकडून नुसता श्वासाचा आवाज. मग एक दिवस तिनं खोकं पाठवलं. आत एक चष्मा आणि दोन मनगटी पट्टे.

"बाबा, खेळून बघा, मजा येईल," ती म्हणाली.

मजा कसली डोंबलाची! बाईसाहेबांना म्हाताऱ्यावर नजर ठेवायची होती. खोक्यावरच छापलं होतं, खेळता खेळता मेंदूची तपासणी. तपासणीत सगळं ठीक असलं की दर सोमवारी दोघांच्याही फोनवर हिरवा ठिपका यायचा. मी म्हटलं, पोरगी रोज फोन करणार असेल तर बघू दे काय बघायचं ते.

त्यामागचं शास्त्र तिनंच मला समजावलं. माणूस कितीही तयारीचा असो, त्याची थाप केसभर पुढं-मागं पडतेच. आणि कशी पुढं-मागं पडते, ह्यालाही प्रत्येकाची एक ठेवण असते. मेंदूत खोल आत एक जागा आहे, ती हालचालीला वेळ नेमून देते. कंपवातात ती जागा झिजत जाते. हात थरथरायला लागायच्या कितीतरी आधी ठोका बिघडतो, पण तो इतका बारीक की कुणाला कळत नाही. पट्ट्याला कळतो. आणि कळणं महत्त्वाचं, कारण आता त्यावर औषध आहे. एकदाच टोचतात, झीज थांबते. पण गेलेलं परत येत नाही. जिथं थांबवाल तिथं थांबतं.

"म्हणून लवकर कळायला हवं, बाबा," ती म्हणाली होती. "एकेक महिना मोलाचा असतो." हे शब्द तिचे. मी ते ऐकले होते. नाही ऐकले असं मला म्हणता येणार नाही.

तर खेळ असा. गडाच्या पायथ्याशी दोघं उभे. प्रत्येकाच्या हातात तीन दिवे. गड रोज नवा. कालचा जिना आज नसतो, कालची विहीर आज छतावर असते. तोच रस्ता असता तर माणसानं पाठ केला असता, आणि पाठ केलेल्यात बिघाड लपतो, हे आम्हा वादकांना वेगळं सांगायला नको. पाऊल टाकायचं तर ठोक्यावर, वार करायचा तर ठोक्यावर. उजवा हात आपटला की वार, डावा आपटला की पाऊल. भुतंही तालात. वटवाघूळ तीन मात्रांनी झेप घेतं, खवीस मात्र हलकट, दोन ठोक्यांच्या मधे उडी मारतो. ठोका चुकला की एक दिवा गेला. आणि दरवाजा आला की दोघांनी एकाच क्षणी डावी थाप द्यायची, तरच तो उघडतो. दिवे विझले की मेलात. मेलात की सगळं गेलं, मिळवलेली तलवारसुद्धा. पुन्हा पायथा, पुन्हा नवा गड.

जोडी कशाला, असं मी विचारलं होतं. तर म्हणे एकट्यानं असली तपासणी रोज कोण करतो? व्यायामाच्या सायकलीवर टॉवेल वाळत घालणारी माणसं आपण. पलीकडे कुणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर येतो.

ह्या खेळात मागं टिकटिक वाजत नाही. जोडीची जी लय, तीच गडाची लय. दोघं रमतगमत चालले तर गडही रमतगमत चालतो, कारण टिकटिकीला बांधलेला माणूस ताठतो आणि खरा ठोका दाखवत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, तिनं थाप दिली की ती माझ्या मनगटावर लागायची. मधे एवढं अंतर. पण हात उचलला जाताच थाप कधी पडणार हे पट्टा ओळखतो आणि आधीच पुढं धाडतो. नाशकात ती हात आपटते आणि मिरजेत माझ्या मनगटावर टपकन लागतं. लहानपणी मांडीवर घेऊन तिच्या हातांनी ठेका वाजवून घ्यायचो, अगदी तसंच वाटायचं.

काय सांगू, आम्ही जबर खेळायचो. ती ओरडायची, "बाबा, खवीस! डावीकडे!" मी म्हणायचो, "येऊ दे मुडद्याला." तासभर मजेत जायचा. कधी कधी दिवे शाबूत राहून सातवा दरवाजासुद्धा उघडायचो. मग ती हसायची. लग्न मोडल्यापासून ती तशी हसली नव्हती. मेलो मात्र लवकर, की ती गप्प व्हायची आणि मग ते, "चला बाबा, उद्या."

दिवाळीच्या सुमारास माझ्या मनगटाला ते पहिल्यांदा लागलं.

तिची डावी थाप मागं पडायला लागली. उजवी चोख. डावी मात्र येता येता येई. किती मागं, ते तुम्हाला कळलं नसतं. मला कळलं. दरवाजाशी माझी थाप पडे, मग तिची, आणि तिचा दिवा जाई. एकदा गेला, दोनदा गेला, तिसऱ्यांदा आम्ही मेलो. "चला बाबा, उद्या."

मी मनाशी म्हटलं, दमली असेल. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून काम. शिवाय मनाला लागलेलं असतं ते हातात उतरतंच. आणि दुसऱ्या दिवशी मी जे आयुष्यभर करत आलो, तेच केलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बैठक सुरू व्हायच्या आधी गवई जरा मागं वळून हलकेच म्हणतो, "सांभाळून घ्या." नुसतं बोलायचं म्हणून नसतं ते. गवई चुकला तर संगतकारानं ती चूक लोकांच्या कानावर जाऊ द्यायची नाही. आमचे एक बुवा होते. सांगलीच्या भर मैफलीत त्यांची सम चुकली, एक मात्रा पुढं जाऊन पडले. मी अशी काही तिहाई टाकली, तोच तुकडा तीनदा, की त्यांच्याबरोबर ती मात्रा गिळून टाकली. टाळ्या पडल्या. आत गेल्यावर बुवांनी काही न बोलता आपल्या डब्यातलं पान मला दिलं. आपण चुकलो हे बुवांना माहीत, मला माहीत, तिसऱ्याला नाही. आमच्यात ह्याला इमान म्हणतात.

तर मी केतकीसाठी थांबायला लागलो. तिची डावी थाप जिथं पडणार, तिथं माझीही डावी. उजवी सरळ, डावी मागं. दोन्ही थापा एकदम पडल्या की खेळाला काय कळणार! त्याला वाटलं ही ह्या जोडीची चालच आहे, जरा डोलत चालणारी. दरवाजे उघडायला लागले. दिवे राहिले. ती हसायला लागली. सोमवारी हिरवा ठिपका आला, आणि मी म्हटलं, बघा, सगळं ठीक आहे.

अहो, मी स्वतःच त्या ठिपक्याला रंग दिला होता, आणि स्वतःच तो बघून खूश होत होतो!

डावीचा उशीर वाढत गेला, तसा माझाही वाढत गेला. संक्रांत गेली, पाडवा गेला. कधीतरी मनात यायचं, हे दमणं इतकं कसं टिकतं? लगेच मी तो विचार हाकलायचो. कारण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलणं आम्हाला जमत नव्हतं. आणि खरं सांगू? खेळ छान चालला होता. तासाचा दीड तास झाला होता. मला कशालाही हात लावायचा नव्हता.

एक दिवस तीच म्हणाली, "बाबा, एक काम कराल? मिरजेत डॉक्टर मुजावर म्हणून बाई आहेत, मेंदूच्या. मी वेळ घेतलीय. नुसतं जाऊन या."

"का गं? मला काय झालंय?"

"काही नाही हो. जरा लय मंदावल्यासारखी वाटते आपली. ठिपका हिरवाच आहे, पण... जाऊन या ना. माझ्यासाठी."

तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, बघा हिचं! आपला हात मागं पडतोय आणि बापाला डॉक्टरकडे धाडतेय. पण तिला कसं सांगणार? गवयाला कुणी सांगतं का! गेलो निमूट.

तबस्सुम मुजावर म्हणजे आमच्या मिरजेचीच मुलगी. तिचे आजोबा तंबोरे करायचे, त्यांना मी ओळखत होतो. त्यामुळं पंधरा मिनिटं तंबोऱ्याच्या भोपळ्यांवरच बोलणं झालं. मग तिनं माझ्या हातांना पट्टे बांधले आणि एकट्याला गडावर सोडलं. वटवाघळं मारली, खवीस मारला.

"गुरवकाका, तुमचा ठोका तिशीतल्या माणसाचा आहे," ती म्हणाली.

मी छाती फुगवली. म्हटलं, "मग? जन्मभर दुसरं केलंय काय?"

ती हसली नाही. तिनं पडद्यावर दोन रेघा काढल्या. "ही तुमची आजची डावी. सरळ. आणि ही मुलीबरोबर खेळता तेव्हाची, खेळाच्या नोंदीतली, तुमचीच डावी. मागं. दर वेळी मागं, आणि महिन्यागणिक जास्त मागं. काका, आजार माणूस बघून येत नाही. एकटे असताना नीट आणि मुलीबरोबर असताना बिघडलेलं, असं नसतं. तुम्ही मुद्दाम थांबता का?"

मी पट्ट्याचं बक्कल सोडायला लागलो.

"कुणाची डावी आधी मागं पडली, हे मशीनला सांगता येत नाही," ती म्हणाली. "हे बनवणाऱ्यांनी धरून चाललं होतं की दोघांतला एक बिघडला तर दुसऱ्याच्या तुलनेत दिसेल. चुकणाऱ्याच्या बरोबर कुणी इतकं चोख चुकू शकेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नसणार. तुम्ही सांगा. आधी कोण?"

"ती," मी म्हणालो. "दमते हो ती."

"एकाच हातानं दमते?"

अहो, एवढा साधा प्रश्न. तो मला दिवाळीला पडायला हवा होता. खेळाऐवजी समोर तबला-डग्गा असता तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं की उजवा ठीक आहे आणि डाव्यात काहीतरी बिघडलंय. शिष्याच्या बाबतीत सांगितलं असतं. पोरीच्या बाबतीत मी कान बंद करून हात तेवढे चालू ठेवले. तबस्सुमनं पाणी दिलं, तो पेला मी तसाच धरून बसलो.

"लवकर पाठवा तिला," एवढंच ती म्हणाली. "तिला सांगताना जपून सांगा. पण सांगा."

त्या संध्याकाळी केतकीचा फोन आला. "काय म्हणाल्या?"

"सगळं ठीक आहे म्हणाली. ठोका तिशीतला आहे म्हणाली."

"खरंच ना बाबा?"

"तुझ्या आईची शपथ."

ती हलकी झाली, मला ऐकू आलं. मग म्हणाली, "चला, गड." आणि मी काय केलं असेल? पट्टे बांधले आणि गडावर गेलो. आणि दरवाजा आल्यावर माझा डावा हात थांबला. मी थांबवला नाही हो, तो आपोआप थांबला, तिच्यासाठी. दरवाजा उघडला. "वा बाबा!" ती ओरडली. मला भडभडून आलं. सगळं कळल्यावरसुद्धा मी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून मी सरळ ठोका धरला. पहिल्याच दरवाजाशी तिचा दिवा गेला. मग दुसरा. मेलो. पुन्हा पायथा, पुन्हा मेलो. तिसऱ्यांदा मेलो. मग केतकी अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "बाबा, तुम्ही खरं सांगितलंत ना मला? आज तुमचा ताल सुटतोय हो."

माझा ताल! आणि तिचा आवाज असा, की तीच मला सांभाळून घेत होती. आता हे फोनवर सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या येतोय नाशकाला." सकाळची पहिली बस धरली.

तिनं दार उघडलं आणि आधी माझ्या हातांकडे बघितलं, थरथरतात का म्हणून. मग चहा टाकला. मी तिला बघत होतो. साखरेचा डबा उजव्या हातानं काढला. कपही उजव्याच हातानं, एकेक करून, दोन फेऱ्या मारून आणले. डावा हात पोटाशी. पूर्वी दोन्ही हातांत दोन कप धरून पायानं दार ढकलणारी पोरगी ही.

"मान धरलीय जरा," मी बघतोय हे बघून ती म्हणाली. "दवाखान्यात वाकून वाकून. तोंडातला आरसा डाव्या हातात धरावा लागतो ना, तो हल्ली जड वाटतो. तुमचं सांगा. काय म्हणाल्या डॉक्टर, खरंखरं?"

मी म्हटलं, "केते, तीनताल वाजव."

"काय?"

"टेबलावर. लहानपणी वाजवायचीस तसा."

"बाबा, आत्ता?"

"वाजव म्हणतो ना!" मी खेकसलोच. दुसरं काही येत नाही मला.

तिनं कप बाजूला सारले आणि वाजवायला लागली. धा धिं धिं धा. पहिल्या आठ मात्रा ठीक म्हणाव्यात अशा गेल्या. मग खाली आली, जिथं डावा हात गप्प असतो आणि उजवाच बोलतो. तिं तिं ता ता. मग डाव्यानं परत यायचं, धिंवर. तो आला, पण धिं पडून गेल्यावर आला. टेबलावर एकाच्या जागी दोन आवाज झाले. खेळात मधे मी होतो. इथं कुणी नव्हतं. तिनं पुन्हा आवर्तन घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं डाव्या हाताकडे बघत बघत वाजवलं, आणि पुन्हा तेच झालं. तेव्हा ती थांबली.

ती डॉक्टर आहे. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दिवाळीपासून."

"पण ठिपका तर..."

"मी थांबत होतो. तुझ्याबरोबर. तुझी डावी जिथं पडेल तिथं माझी. दमत असशील वाटलं. सांभाळून घेत होतो गं."

मग ती जे बोलली ते ओरडून नाही बोलली, ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटत होतं तुमचं होतंय. तुम्ही डावीकडे उशिरा येताय, म्हणून मी आणखी जरा थांबायचे. तुम्हाला कळू नये म्हणून. म्हणजे मी तुमच्यासाठी थांबतेय, तुम्ही माझ्यासाठी थांबताय..." तिला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यातच मोडलं. "बाबा, मी लोकांच्या हिरडीत सुया घालते! रोज! एखाद्याला लागलं असतं म्हणजे?"

"माझ्या डोक्यात आलंच नाही ते."

"आणि कशासाठी? खेळात हरू नये म्हणून?"

आता मात्र मला खोटं बोलता येईना. "मेलो की तू फोन ठेवायचीस," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. "मग बोलायचं होतंत ना! नुसता फोन करायचात, बाबा. म्हणायचंत, केते, आज करमत नाही. एवढंच!"

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. चहा तसाच राहिला. मी तिथंच बसलो होतो. बापानं आत जावं, पाठीवर हात फिरवावा, असं असतं. माझं धाडस झालं नाही.

पुढचं लवकर झालं. तपासण्या झाल्या, पुण्याला नेऊन ते औषध टोचलं. मी बरोबर होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, झीज थांबली, आता वाढणार नाही, नशीबवान आहात. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "दिवाळीला आलो असतो तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदांकडे बघितलं. म्हणाले, "तर बहुतेक तिला स्वतःलासुद्धा कळलं नसतं की काही झालं होतं."

केतकीनं दवाखाना दुसऱ्या डॉक्टरला चालवायला दिला. आता ती डेंटल कॉलेजात मुलांना शिकवते. स्वतः कुणाच्या तोंडात हात घालत नाही. ज्या रुग्णांवर तिनं त्या महिन्यांत काम केलं होतं, त्या प्रत्येकाला तिनं स्वतः फोन करून बोलावलं, दुसऱ्याकडून तपासून घेतलं. कुणाला काही झालं नव्हतं. ते फोन ती करत होती तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. प्रत्येकाला ती म्हणायची, "माझ्या हाताचा त्रास होता, मला उशिरा कळलं." माझं नाव एकदाही घेतलं नाही.

मला म्हणते, "बाबा, तुमचं काही चुकलं नाही. कुणालाही कळलं नसतं." असं म्हणताना ती दुसरीकडे बघते. जन्मभर हाच धंदा केलेला माणूस मी. ती मला सांभाळून घेतेय, एवढं कळतं मला.

मी मिरजेला परतलो. पट्टे कपाटात टाकले. फोन करायचो, रोज, ठरवून. "केते, आज करमत नाही," असं पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली, पण म्हणालो. ती बोलायची. मीही बोलायचो. तबस्सुमचे आजोबा, भोपळे, कॉलेजातली पोरं, काय वाट्टेल ते.

मग परवा तीच म्हणाली, "बाबा, पट्टे काढा. गड."

"नको गं."

"काढा म्हणते ना!" अगदी माझ्यासारखी खेकसली. "एकच अट. थांबायचं नाही. मी मागं राहिले तर राहू दे. मेलो तर मेलो."

बांधले पट्टे. पायथ्याशी उभे राहिलो. तिची उजवी थाप मनगटावर लागली, चोख. मग डावी, उशिरा. जिथं औषधानं थांबवली तिथंच ती थांबलीय, ना पुढं ना मागं. आता ती जन्मभर तेवढीच उशिरा येणार. दिवाळीत ती केवढी होती ते माझ्या मनगटाला आठवतं. मधला सगळा फरक माझा आहे.

पहिल्या दरवाजाशी दिवा गेला. दुसऱ्याशी आणखी एक. माझा डावा हात थांबायला बघत होता, मी त्याला रेटत होतो. वटवाघूळ आलं, तिचं पाऊल चुकलं, शेवटचा दिवा विझला. मेलो. चष्म्यात काळोख झाला. मी सवयीनं पट्ट्याचं बक्कल सोडायला घेतलं.

"कुठं निघालात?" ती म्हणाली.

"उद्या बघू. दमली असशील."

"मी कुठं दमते, बाबा? कधीच दमत नव्हते. तुम्ही दमाल म्हणून मीच ठेवायचे फोन."

पंख्याचा आवाज येत होता, आणि तिच्या श्वासाचा.

"परत," ती म्हणाली.

बक्कल पुन्हा लावलं. नवा गड, नवा जिना. दरवाजा आला. मी थाप दिली, सरळ, जिथं पडायला हवी तिथं. मनगटावर तिची डावी मागाहून लागली आणि दिवा गेला. मी थांबलो नाही.